जेवताना सोबत कोण? बाई, पुरुष आणि ताटाभोवतीची माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहारसल्ल्यासाठी येणाऱ्यांना मी काय खाता, किती खाता हे विचारतेच. पण त्याआधी कोणासोबत खाता हे विचारते. बहुतेकांना हा प्रश्न अनपेक्षित असतो. माझ्या मते वजन, साखर आणि हिमोग्लोबिनच्या आकड्यांमागे पुष्कळदा ताटाभोवतीची माणसं असतात. आणि तीच माणसं बाईच्या ताटाशी एक वागतात, पुरुषाच्या ताटाशी दुसरं. याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र देत आहे.

सोबत कोणी असलं की माणूस खरंच जास्त खातो का?

हो, आणि फरक थोडाथोडका नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन डी कॅस्ट्रो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस लोकांना सात दिवस वही लिहायला लावली. काय खाल्लं, किती, केव्हा आणि सोबत कोण होतं, सगळं टिपायचं. एकट्याच्या जेवणापेक्षा सोबतीतलं जेवण सरासरी ४४ टक्क्यांनी मोठं निघालं. पुढे १९९२मध्ये माणसांच्या संख्येप्रमाणे हिशेब मांडला गेला. सोबतीला एक जण असेल तर जेवण सुमारे ३३ टक्क्यांनी वाढलं, दोघे असतील तर ४७ टक्क्यांनी, आणि सात किंवा जास्त असतील तर ९६ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

इथे शंका यायला हवी. चारचौघांतलं जेवण बहुतेक वेळा रात्रीचं, सुटीच्या दिवशीचं नाहीतर हॉटेलातलं असतं. मग वाढ सोबतीमुळे की प्रसंगामुळे? हेही तपासलं गेलं. नाश्ता असो की रात्रीचं जेवण, घरी असो की बाहेर, दारू असो वा नसो, वाढ दिसतच राहिली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये अशा ४२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यातून एक महत्त्वाची अट पुढे आली: ही वाढ मित्रमंडळी आणि घरच्यांसोबत होते, अनोळखी माणसांसोबत तशी दिसत नाही.

पण पोट तर तेवढंच असतं. मग जास्त जातं कुठून?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे वेळ. कॅनडातल्या टोरोंटोमध्ये २००६साली एक साधा प्रयोग झाला. काही जणांना खाण्यासाठी १२ मिनिटं दिली, काहींना ३६. कोणी एकटे बसले, कोणी जोडीने, कोणी चौघे मिळून. ज्यांना जास्त वेळ मिळाला ते जास्त खाऊन उठले. वेळ सारखाच दिल्यावर माणसं किती आहेत याला फारसा अर्थ उरला नाही. म्हणजे सोबत आपल्याला बसवून ठेवते, आणि बसलेलं माणूस खातं.

आपल्याकडच्या रविवारच्या जेवणात हे उघड दिसतं. मटण संपलेलं असतं, हात वाळलेला असतो, पण गप्पा रंगल्यामुळे कोणी उठत नाही. मग पातेल्यात उरलेला रस्सा बघून कोणीतरी म्हणतं, थोडा थोडा भात घेऊ या. त्या भाताची भूक कोणालाच नसते.

दुसरं कारण स्वयंपाकघरातच सुरू होतं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण एकाऐवजी तीन पदार्थ करतो, आणि समोर प्रकार जास्त असले की खाणं वाढतं. तिसरं कारण म्हणजे मोकळीक. सगळेच दुसऱ्यांदा श्रीखंड घेत असतील तर आपणही घेतलेलं चालतं, असं मन धरून चालतं.

मग काही लोकांसमोर घास का उतरत नाही?

कारण सोबत दोन कामं करते. जवळची असली तर हात सैल सोडते, आणि पारखणारी असली तर आवरायला लावते. समोरचा माणूस आपल्याबद्दल मत बनवतोय असं वाटलं की आपण त्याच्याकडे बघून खातो. तो कमी खात असेल तर आपणही कमी.

हे अनुकरण किती बारीक पातळीवर चालतं हे नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात दिसलं. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तरुणींच्या ७० जोड्या जेवायला बसवल्या आणि प्रत्येक घासाची वेळ नोंदवली. एकीने घास घेतला की पुढच्या पाच सेकंदांत दुसरीने घास घेण्याची शक्यता वाढत होती, आणि जेवणाच्या सुरुवातीला, ओळख नवी असताना, ही लय जास्त जुळत होती.

यातली अवघड गोष्ट अशी की विचारलं तर कोणी हे मान्य करत नाही. मला भूक होती म्हणून खाल्लं, चव आवडली म्हणून घेतलं, अशीच कारणं मिळतात. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र हाच परिणाम आपल्याला लगेच ओळखता येतो. म्हणून मी नुसत्या आठवणीवर विसंबत नाही, चार दिवस लिहून आणायला सांगते, सोबतच्या माणसांच्या रकान्यासकट.

बायका पुरुषांसमोर कमी खातात, हे खरं की समज?

यावर अभ्यास बरेच झाले आहेत आणि बहुतेकांचा कल एकाच बाजूला आहे: हो, विशेषतः जिथे समोरच्यावर छाप पाडायची असते तिथे.

१९८७मध्ये टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी तरुण मुलींना एका अनोळखी व्यक्तीशी गप्पा मारायला बसवलं आणि समोर खाऊ ठेवला. ती व्यक्ती आकर्षक पुरुष असेल तर मुलींनी सगळ्यात कमी खाल्लं. त्याच वर्षी शेली चेकन आणि पॅट्रिशिया प्लाइनर या मानसशास्त्रज्ञांनी उलट बाजूने बघितलं. लोकांना एखाद्या व्यक्तीची खाण्याची वही वाचायला दिली आणि ती व्यक्ती कशी वाटते हे विचारलं. वही बाईची असेल आणि जेवण कमी असेल तर ती जास्त नाजूक, जास्त बायकी आणि दिसायलाही बरी असणार, असं वाचणाऱ्यांना वाटलं. वही पुरुषाची असेल तर जेवणाच्या प्रमाणाने मतात फरक पडला नाही. मला हा अभ्यास सगळ्यात बोलका वाटतो. मुली कमी खातात ते त्यांच्या मनाचे खेळ म्हणून नव्हे. त्यांच्या ताटावरून मत बनवणारी माणसं खरोखरच आजूबाजूला असतात.

प्रयोगशाळेबाहेरचं उदाहरण कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाचं आहे. तिथल्या कँटीनमध्ये विद्यार्थी ट्रेमध्ये काय घेऊन बसतात आणि टेबलावर कोण कोण आहे, याची गुपचूप नोंद ठेवली गेली. अभ्यास २००९मध्ये छापून आला. पुरुषासोबत बसलेल्या मुलीच्या ट्रेमधले उष्मांक मुलीसोबत बसलेल्या मुलीपेक्षा कमी होते. गटात मुलगे जितके जास्त तितके मुलीच्या ट्रेमधले उष्मांक कमी, आणि मुली जास्त असतील तर उष्मांक जास्त. मुलांच्या ट्रेवर टेबलावरच्या बायकांच्या किंवा पुरुषांच्या संख्येने फरक पडला नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. तिथे ट्रेवर काय होतं ते मोजलं गेलं, पोटात किती गेलं ते नाही. शिवाय हे सगळे अभ्यास उत्तर अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचे. आपल्याकडची मुलगी कँटीनपेक्षा घरातच जास्त पारखली जाते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पोहे मुलीच्या हातून समोरच्यांना जातात. तिच्या स्वतःच्या बशीतले पोहे मात्र चमचाभर उष्टावून तसेच राहतात. तिने बशी संपवून आणखी मागितले तर बैठकीत काय वाटेल, हे प्रत्येक घराला न सांगता ठाऊक असतं.

पुरुषांवर काहीच दडपण नसतं का?

असतं, पण बहुतेक वेळा उलट्या दिशेने. एवढंच खातोस? अजून दोन भाकरी मोडशील तू! हे पुरुषाला ऐकवलं जातं, बाईला क्वचित. तिखट सोसणं, मटणावर ताव मारणं, ग्लास रिकामा करणं, यांना मर्दपणाची झालर लावलेली असते. माझ्याकडे येणाऱ्या मधुमेही पुरुषांची पथ्यं घरी सहसा मोडत नाहीत. मोडतात ती मित्रांच्या बैठकीत. साखर आहे, मी घेणार नाही, एवढं वाक्य चार मित्रांत बोलायला त्यांना जड जातं. अशांना मी एकच सुचवते. बैठकीआधी एका मित्राला विश्वासात घ्या. सगळ्यांसमोर नकार देण्यापेक्षा, शेजारी बसलेला एक जण आपल्यासोबत कमी खाणारा असला की बरंच निभावतं.

पुरुष बायकांसमोर जास्त खातात असंही वाचलं होतं. पिझ्झाचा काहीतरी अभ्यास होता…

होता. बायकांसोबत बसलेले पुरुष ९३ टक्के जास्त पिझ्झा खातात, अशी बातमी जगभर फिरली. पिझ्झाच्या एका बुफेवर केलेल्या त्या अभ्यासात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉनसिंक सहभागी होते. त्याच बुफेच्या आकडेवारीवरून लिहिलेल्या निबंधांत २०१७मध्ये इतर संशोधकांनी ढीगभर विसंगती दाखवल्या. विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तन आढळलं, २०१८मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकसमूहाने त्यांचे सहा निबंध एकदम मागे घेतले आणि त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा तो ९३चा आकडा कुठे दिसला तर सोडून द्या. खाण्याच्या मानसशास्त्रातले चटकदार आकडे वाचताना मी तेव्हापासून जास्त जपून असते, आणि तुम्हीही असावं.

भिशीत, हळदीकुंकवात आम्ही मैत्रिणी इतकं कसं खातो?

कारण तिथे पारखणारं कोणी नसतं. वर सांगितलेल्या कँटीनमध्येही मुलींच्या टेबलावर उष्मांक वाढलेच होते. घरात दिवसभर इतरांना वाढणाऱ्या बाईला कोणीतरी आयती प्लेट हातात देतं, ही त्या दुपारची खरी चैन आहे. महिन्यातून एकदा भिशीत दोन वडे जास्त गेल्याने वजन वाढत नाही. त्याची खंत करू नका आणि दुसऱ्या दिवशी उपाशीही राहू नका.

आमच्या घरी बायका शेवटी जेवतात. ही रीत आहे, त्यात आरोग्याचा प्रश्न कुठे येतो?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो. छाप पाडण्यासाठी दोन घास कमी खाणं वेगळं, आणि वर्षानुवर्षं उरलेलं खाणं वेगळं.

रात्री काय जेवलात असं विचारलं की कितीतरी जणी “जे उरलं ते” एवढंच सांगतात. मग मी एकेक भांडं विचारत जाते. बटाट्याच्या रश्शात फोडी होत्या? फोडी संपल्या होत्या, रस होता. आमटी? होती, पण कमी पडेल म्हणून पाणी घालून वाढवलेली. पोळ्या? दीड, धाकट्याने एक जास्त घेतली. दही? ते यांना लागतं. अंडी? तीनच होती, मुलांना आणि यांना. शेवटी कागदावर उरतात दीड पोळी, रस आणि भात. पोट भरलेलं असतं, त्यामुळे आपण उपाशी आहोत असं तिला वाटत नाही. प्रथिनं आणि लोह मात्र आधीच्या ताटांबरोबर निघून गेलेलं असतं.

आता आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या, पुरुष २५ टक्के. महाराष्ट्रात स्त्रिया सुमारे ५४ टक्के आणि पुरुष सुमारे २२. पाळी, बाळंतपणं, जंत, लोहाची वाढीव गरज ही कारणं आहेतच, सगळा दोष जेवणाच्या क्रमाला देता येणार नाही. पण ज्या शरीराची लोहाची गरज जास्त, त्याचंच ताट शेवटी लागतं, हे बरोबर नाही.

भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११च्या फेरीत देशातल्या सुमारे पाव घरांमध्ये पुरुषांचं झाल्यावर बायकांनी जेवावं अशी अपेक्षा असल्याचं आढळलं. २०१८मध्ये बिहार, झारखंड आणि आपल्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांशी फोनवरून बोलून एक पाहणी झाली. तिच्या आधारे शोध घेतला गेला तो मनाच्या आरोग्याचा: शेवटी जेवणाऱ्या बायकांत उदासी, थकवा, झोप न लागणं अशा तक्रारी जास्त होत्या. शेवटी जेवल्यामुळेच उदासी येते असं यातून सिद्ध होत नाही. ज्या घरात बाईला शेवटचं ताट मिळतं, तिथे तिचा शब्दही शेवटी ऐकला जात असणार. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात असं मला वाटतं.

एकाच घरातल्या दोन सुनांतही फरक पडतो का?

पडतो. ग्रामीण भारतातल्या एकत्र कुटुंबांवर डायान कॉफी, डीन स्पीअर्स आणि रीतिका खेरा या संशोधकांचा अभ्यास आहे. एकच घर, एकच चूल, एकच शेत. तरी धाकट्या जावेची मुलं थोरल्या जावेच्या मुलांपेक्षा सरासरी बुटकी निघाली. धाकटीचं घरातलं स्थान खालचं, तिला बाहेर पडायची मुभा कमी, आणि तिचं स्वतःचं पोषणही हलकं. पंगतीतल्या जागेचा परिणाम पुढच्या पिढीच्या उंचीवर दिसतो.

गरोदरपणात तरी घरचे काळजी घेतातच ना? डोहाळेजेवण करतात की!

डोहाळेजेवण एक दिवसाचं असतं, आणि गरोदरपण नऊ महिन्यांचं. डायान कॉफी यांनीच २०१५मध्ये दाखवलं की भारतात गर्भ राहण्याच्या वेळीच सुमारे ४२ टक्के स्त्रियांचं वजन गरजेपेक्षा कमी होतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हेच प्रमाण साडेसोळा टक्के होतं. गरोदरपणात भारतीय बाईचं वजन सरासरी सातच किलोंनी वाढत होतं. आकडेवारी जुनी, २००५च्या सुमाराची आहे. परिस्थिती तेव्हापासून सुधारली आहे, पण प्रश्न संपलेला नाही.

इथे महाराष्ट्राने केलेली एक गोष्ट मला मनापासून पटते. २०१५मध्ये राज्याच्या आदिवासी प्रकल्प क्षेत्रांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम, चौरस जेवण देण्याची ही योजना. शिधा घरी दिला की तो सगळ्यांच्या पातेल्यात जातो आणि तिच्या वाट्याला पुन्हा उरलेलंच येतं. अंगणवाडीत इतर गरोदर बायकांसोबत बसून जेवलं की घास तिच्याच तोंडी जातो. तिथे सोबत तिच्या बाजूने काम करते. अर्थात मजुरीला किंवा लांबच्या पाड्यावर असणाऱ्या बाईला रोज अंगणवाडीपर्यंत येणं सोपं नसतं, आणि जिथे ते जमत नाही तिथे योजना कागदावर राहते.

मला स्वतःलाच सगळ्यांचं झाल्यावर शांतपणे जेवायला आवडतं. त्यात काय चुकलं?

काही नाही, जर तुमचं ताट आधी बाजूला काढलेलं असेल तर. प्रश्न वेळेचा कमी आणि वाट्याचा जास्त आहे. निवांतपणा हवाच असेल तर भाजी, डाळ, दही, अंडं, जे काही आज आहे त्यातला स्वतःचा वाटा सुरुवातीलाच झाकून ठेवा आणि मग हवं तेव्हा जेवा. झाकून ठेवायला संकोच वाटत असेल, तर तो संकोच कुठून आला हे एकदा स्वतःशी तपासा.

हे घरात बदलायचं कसं? सासूबाईंना दुखवायचं नाही.

सासूबाईंनी आयुष्यभर तेच खाल्लेलं असतं, त्यांना शत्रू मानून काही होणार नाही. त्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. पुष्कळ घरांत त्यांचंही कमीच निघतं, आणि मग बोलणं सोपं होतं.

खरी अडचण तव्यावरच्या पोळीची असते. गरम पोळी पानात पडलीच पाहिजे असा आग्रह असेल तर लाटणारी बाई कधीच सगळ्यांसोबत बसू शकत नाही. त्यामुळे पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या, यावर घरात एकमत होणं ही पहिली पायरी. आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात केली तरी चालेल. दुसरं, सगळी ताटं एकदम वाढायची, वाढणारीच्या ताटासकट. तिसरं, भांडी मध्यभागी ठेवून ज्याचं त्याने घ्यायचं. आणि हा प्रस्ताव सुनेने नव्हे, मुलाने मांडावा. “आई, तूही बस, मी पाणी आणतो” हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं की त्याचा भांडणाचा सूर राहत नाही.

राजस्थानातल्या बांसवाडा आणि सिरोही जिल्ह्यांत आदिवासी बायकांच्या बचतगटांमार्फत असाच प्रयत्न झाला. पोषणाची माहिती देताना नवऱ्यांनाही सामील करून घेतलं आणि सगळ्यांनी एकत्र बसून जेवावं यावर भर दिला. जास्त अन्न वाटलं नव्हतं; घरात होतं तेच सगळ्यांसमोर आलं. एकत्र बसल्यावर कोणाच्या ताटात काय नाही हे सगळ्यांना दिसतं, आणि दिसल्यावर बहुतेक माणसं वाटून घेतात. माझा अनुभवही तोच आहे. कितीतरी नवऱ्यांना बायको काय जेवते हे ठाऊकच नसतं, कारण ती जेवते तेव्हा ते टीव्हीसमोर गेलेले असतात.

आग्रह मोडवत नाही. लग्नसराईत साखरेचं काय करू?

पंगत असेल तर पहिल्या वाढीला मुद्दाम कमी घ्या, म्हणजे दुसऱ्या वेळी थोडं घेऊन यजमानाचा मान राखता येतो. भरलेल्या पानाला नाही म्हणणं कठीण, म्हणून ताटात थोडी कोशिंबीर किंवा भाजी शिल्लक ठेवा. पान रिकामं दिसलं की वाढपी वळतोच. केळवणाला जाताना आधी फोन करून सांगा की गोड एकच करा, आवडीने खाईन. बुफे असेल तर ताट घेऊन कोणाशेजारी उभे राहता याकडे लक्ष द्या. आणि आग्रह करणाऱ्यांना माझी विनंती आहे: दोनदा विचारा, पण तिसऱ्यांदा नका. तुमच्या समोरच्या माणसाला मधुमेह असेल आणि त्याला तो चारचौघांत सांगायचा नसेल.

मुलगा भाजीला हात लावत नाही. शाळेच्या डब्यात मात्र मित्राची तीच भाजी खातो!

हे अगदी स्वाभाविक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांनी १९८०मध्ये बालवाडीतल्या मुलांवर याचाच प्रयोग केला होता. ज्या मुलाला एक भाजी आवडत होती त्याला दुसरी भाजी आवडणाऱ्या मुलांच्या टेबलावर बसवलं. काही दिवसांतच त्याची निवड बदलली, आणि मित्र समोर नसतानाही ती टिकली. समजावण्यापेक्षा सोबत जास्त काम करते. महिन्यातून एखादा शनिवार त्याच्या मित्रांना घरी जेवायला बोलवा आणि भाजी मध्यभागी ठेवा.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. मटणातली नळी कोणाला जाते, दुधावरची साय कोणाच्या कपात पडते, आणि “पुरे आता, जाड होशील” हे भावाला ऐकवलं जातं की बहिणीला? मुलं बोलणं विसरतात, वाटणी विसरत नाहीत.

मैत्रीण जाड झाली की आपणही होतो, असं म्हणतात. खरं आहे?

निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी २००७मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासातून मांडलं की मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, आणि हा परिणाम बाई-बाई, पुरुष-पुरुष अशा मैत्रीत दिसतो. नंतर त्यावर बरीच टीका झाली. सारख्या सवयींची माणसंच मुळात एकत्र येतात, शिवाय एकाच गावातली हॉटेलं आणि कामाच्या वेळा सगळ्यांना सारख्याच लागू होतात. मला ही टीका योग्य वाटते. मैत्रीण तोडू नका. तिच्यासोबत चालायला जा.

एकटी राहते, मोबाईल बघत जेवते. एकटं जेवल्याने कमी खाल्लं जातं ना?

सोबतीपुरतं बोलायचं तर हो. पण पडद्याकडे लक्ष असलं की आपण किती खाल्लं याची आठवण पुसट राहते, आणि त्यामुळे पुढच्या खेपेला जास्त खाल्लं जातं. जपानमधल्या नागोया विद्यापीठात २०१७मध्ये एक गमतीदार गोष्ट आढळली. आरशासमोर बसून एकट्याने पॉपकॉर्न खाल्ले तर ते जास्त चविष्ट लागले आणि जास्तही खाल्ले गेले, तरुणांनी आणि वृद्धांनीही. माणसाला जेवताना समोर कोणीतरी लागतं, मग ते स्वतःचं प्रतिबिंब का असेना. तुम्हाला शक्य असेल तर रोज एक जेवण फोन बाजूला ठेवून करा, आणि आठवड्यातून एकदा शेजारणीसोबत.

आई गेल्यापासून वडील नीट जेवत नाहीत. डबा लावलाय, तरी वजन घटतंय.

डब्याने अन्न येतं, सोबत येत नाही. जपानमध्ये वृद्धांच्या मोठ्या पाहण्यांत दिसलं की एकटं राहणं आणि एकटं जेवणं दोन्ही असेल, तेव्हा जेवण टाळणं, फळं-भाज्या कमी खाणं आणि वजन गरजेपेक्षा कमी असणं जास्त आढळतं, विशेषतः पुरुषांत. आपल्याकडे त्या पिढीतल्या पुरुषांना स्वयंपाकही येत नाही आणि मागून घ्यायची सवयही नसते. आजवर न मागता मिळालेलं असतं.

त्यांच्या दिवसातलं एक जेवण तरी कोणासोबत होईल असं बघा. ज्येष्ठ नागरिक संघाचा नाश्ता, देवळातला प्रसाद, शेजारच्या काकांसोबत दुपारचा डबा, काहीही चालेल. परगावी असाल तर तुमच्या जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल लावा आणि दोघांनी जेवा, फक्त “जेवलात का” विचारून ठेवू नका. आणि त्यांना वरण-भात, पिठलं, खिचडी शिकवा. सत्तरीतही हे येतं. तीन महिन्यांत वजन स्पष्टपणे उतरलं असेल तर हे सगळं दुःखावर न सोडता डॉक्टरांकडून थायरॉइड, साखर आणि दात तपासून घ्या.

मुलगी सगळ्यांसमोर दोन घास खाते आणि रात्री लपून डबे रिकामे करते. रागावू का?

रागावू नका, आणि तिच्या वजनावर एक शब्दही बोलू नका. घरातल्या पाहुण्यांनाही बोलू देऊ नका. चारचौघांत उपाशी राहिलेलं शरीर रात्री ते भरून काढतं, हे बऱ्याचदा एवढंच असतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिला पोटभर खायला मिळालं आणि रात्रीच्या जेवणात टोमणे थांबले की काही आठवड्यांत फरक दिसतो.

पण खाल्ल्यावर ती उलटी काढत असेल, जुलाबाच्या गोळ्या घेत असेल, पाळी बंद झाली असेल, खाणं हाताबाहेर गेल्यासारखं वाटून नंतर ती रडत असेल, किंवा कुटुंबासोबत जेवणं पूर्ण टाळत असेल, तर हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. हे मुलग्यांमध्येही होतं. तिथे ते व्यायामाच्या नावाखाली झाकलं जातं आणि उशिरा कळतं. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांची मदत एकत्र घ्या. आधी फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.